गोल्फ खेळताना कंबर का धरते? दुखणं कमरेत, कारण खुब्यात

गोल्फ बघणाऱ्या माणसाला एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. या खेळात धावपळ नाही, धक्काबुक्की नाही, अंगावर येणारा चेंडू नाही. चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो आणि खेळाडू आपल्या सवडीने त्याला मारतो. तरी टायगर वूड्स या अमेरिकी गोल्फपटूच्या पाठीवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मध्ये त्याच्या कमरेचा सगळ्यात खालचा मणका खालच्या हाडाशी कायमचा जोडून टाकावा लागला. त्यानंतर २०१९ ची मास्टर्स ही मानाची स्पर्धा त्याने जिंकली, पण दुखणं संपलं नाही. २०२४ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कमरेतल्या दोन मणक्यांमधली एक गादी काढून कृत्रिम बसवली. सगळा दोष खेळाला देता येणार नाही, पण एवढ्या शांत दिसणाऱ्या खेळात पाठीवर नेमकं येतं तरी काय, हा प्रश्न रास्त आहे.

आपल्या नागपुरात हा प्रश्न दिवाळीनंतर जास्त ऐकू येतो. ऊन उतरतं, गवत छान होतं आणि कामठीच्या छावणीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत ज्यांना या खेळाची आवड आहे ते सगळे उन्हाळा-पावसाळ्याची कसर भरून काढायला निघतात. दोन-तीन आठवड्यांत फिजिओथेरपिस्टकडे फोन सुरू होतात. "काही नाही जी, उसण भरली थोडी, शेकून घेतलं, पण वळताना कळ येते." मग मालिश, मलम, कमरेचा पट्टा असं करत हंगाम अर्धा जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. गोल्फमधली कंबर बहुतेक वेळा स्वतःच्या दोषाने दुखत नाही. तिच्या वरचा आणि खालचा भाग फिरत नाही म्हणून ती दुखते. त्यामुळे कमरेलाच चोळत, ताणत, बांधत राहिलं तर तात्पुरता आराम पडतो आणि दुखणं परत येतं. यामागचं गणित एकदा कळलं की चेंडू लांब कसा जाईल आणि कंबर कशी टिकेल, या दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं.

## सव्वा सेकंदाची गोष्ट

क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे नेऊन चेंडूवर आणायच्या सगळ्या हालचालीला स्विंग म्हणतात. क्लब मागे न्यायला साधारण पाऊण सेकंद ते एक सेकंद लागतो, आणि तिथून चेंडूपर्यंत यायला जेमतेम पाव सेकंद. त्या पाव सेकंदात हौशी खेळाडूच्या क्लबचं टोक ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास पोचतं. व्यावसायिक पुरुष खेळाडूंचं १८० च्या पुढे जातं. हा वेग शरीर शून्यातून उभा करतं, आणि चेंडू गेल्यावर तो थांबवायचंही शरीरालाच असतं.

या क्षणी कमरेच्या मणक्यांवर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट मोजला गेला आहे. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या कमरेवर क्षणभर साडेपाचशे किलो. नुसता दाब कंबर सहन करते, ती त्यासाठीच घडलेली आहे. इथे मात्र दाबाच्या जोडीला पीळ असतो, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचं धड त्याच वेळी उजव्या बाजूला कलतं. तिन्ही एकदम. म्हणून अशा खेळाडूचं दुखणं पुष्कळदा कमरेच्या उजव्या कडेला सापडतं. (पुढे सगळीकडे उजव्या हाताने खेळणारा धरला आहे, डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

अठरा होलच्या, म्हणजे चेंडू टाकायच्या अठरा भोकांच्या, खेळात हौशी माणूस नव्वद-शंभर फटके मारतो. त्यातले बरेच हळुवार पटचे, म्हणजे भोकाजवळून चेंडू अलगद ढकलायचे, तरी चाळीसएक फटके अंगातली सगळी ताकद लावून मारलेले असतात. हवेत मारून पाहिलेले सरावाचे स्विंग वेगळेच. शिवाय आठ-दहा किलोमीटर चाल. गोल्फ म्हणजे निवांत फेरफटका, हा समज इथेच संपतो.

## नव्वद अंशांचा हिशोब

क्लब पूर्ण मागे नेला की खांदे साधारण ९० अंशांत वळलेले असतात. हे ९० अंश येतात कुठून?

त्यातले ४५ कमरेच्या खालून येतात. पावलं जमिनीवर रोवलेली असतात आणि दोन्ही खुब्यांवर ओटीपोट फिरतं. उरलेले ४५ पाठीच्या कण्याने द्यायचे. त्यातही बरगड्या जोडलेले वरचे १२ मणके मिळून एका बाजूला ३५ अंशांच्या आसपास फिरतात. कमरेचे पाच मणके? सगळे मिळून जेमतेम दहा. कमरेच्या मणक्यांचे सांधे उभ्या पाकळ्यांसारखे एकमेकांत बसलेले असतात. पुढे-मागे वाकायला ते मोकळे, पण पीळ पडला की हाडाला हाड अडतं. एकेका मणक्याच्या वाट्याला एक-दोन अंशच येतात. ही काही उणीव नव्हे, तिथली नस आणि गादी सांभाळायची ही शरीराची सोय आहे.

आता दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा हिशोब मांडू. समजा बसून बसून खुबे आखडले आणि ४५ ऐवजी ३० अंशच मिळाले. लॅपटॉपवर वाकून वरची पाठ आखडली, तिने ३५ ऐवजी २० दिले. कमरेचे १० धरून बेरीज झाली ६०. पण डोक्यात तर ९० ची प्रतिमा आहे. टीव्हीवर पाहिलेली, प्रशिक्षकाने सांगितलेली. मग उरलेले ३० अंश शरीर कुठून तरी ओढून आणतं. एकत्र कुटुंबात दोन भावांनी हात आखडता घेतला की सगळा खर्च तिसऱ्यावर पडतो. इथे तो तिसरा भाऊ म्हणजे कंबर, आणि तिची मिळकत मुळात सगळ्यात कमी.

जे कमरेलाही जमत नाही ते हात करतात. कोपर वाकतं, क्लब खांद्यावरून वर उचलला जातो, धड डावीकडे झुकतं. फटका उजवीकडे भरकटतो, अंतर घटतं. मग माणूस आणखी जोर लावतो. अंतर कमी पडणं आणि कंबर धरणं ही दोन वेगळी दुखणी नाहीत, ती इथूनच निघतात.

मोबिलिटी हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. सांधा आपल्याच ताकदीवर आणि आपल्याच ताब्यात किती फिरतो, ती मोबिलिटी. दुसऱ्याने पाय धरून वर ओढला आणि तो गेला, एवढ्याने भागत नाही, कारण पाव सेकंदाच्या स्विंगमध्ये ओढणारा कोणी नसतो.

## "मांडी घालून तासभर बसतो, माझा खुबा मोकळाच आहे"

हा आक्षेप आपल्याकडे नेहमी येतो आणि तो निम्मा खरा आहे. खाली बसून जेवणाऱ्या, देवघरात बसणाऱ्या माणसाचा खुबा खुर्चीत वाढलेल्या माणसापेक्षा मोकळा असतो. पण एकाच दिशेने. मांडी घालताना मांडीचं हाड बाहेरच्या बाजूला वळतं. गोल्फला लागतं ते आतलं वळण.

चेंडूवर फटका बसतो तेव्हाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. डावं पाऊल जमिनीत रोवलेलं आहे आणि त्याच पायावर अख्खं धड डावीकडे फिरतंय. पाय जागेवर, धड त्याच्यावर वळतंय, म्हणजे डाव्या खुब्यात मांडीचं हाड आतल्या बाजूला वळतंय. ही जागा तिथे नसेल तर धड अर्ध्यात अडतं आणि पुढचा झटका कंबर घेते. कंबरदुखी असलेल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या तपासणीतही डाव्या, म्हणजे पुढच्या खुब्याचं हेच आतलं वळण कमी आढळलं होतं. दुखतं कमरेत आणि कमतरता खुब्यात, ती अशी.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत सोडून बसा. गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेला टॉवेल धरा. मांडी जागची न हलवता डावं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. पाऊल बाहेर गेलं की खुबा आत वळतो. कंबर एका बाजूला उचलली जाऊ देऊ नका, सगळे इथेच फसतात. उभ्या रेषेपासून ३५-४० अंश मिळाले तर उत्तम. वीसच्या आसपास अडत असेल, किंवा डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल, तर काम कुठे करायचं ते कळलं.

वरच्या पाठीसाठी खुर्चीत ताठ बसा, गुडघे जुळवा, छातीवर आडवी काठी धरा आणि कुल्ले न हलवता वळा. दोन्हीकडे ४५ अंश, म्हणजे समोरची भिंत आणि बाजूची भिंत यांच्या बरोबर मध्यावर काठीचं टोक आलं पाहिजे.

## "पण मी रोज योगासनं करतो"

करत राहा, मनापासून सांगतो. फक्त कोणती करता ते तपासा. सूर्यनमस्कारात पुढे वाकणं आहे, मागे वाकणं आहे, पण बाजूला वळणं कुठेच नाही. बारा सूर्यनमस्कार घालणारा माणूस चपळ असू शकतो, आणि तरीही त्याची वरची पाठ पंचवीस अंशांत अडू शकते. वक्रासन, अर्धमत्स्येंद्रासन ही फिरण्याची आसनं उपयोगी आहेत, पण तिथेही पुष्कळजण हाताने गुडघा रेटून कमरेतून वळतात. वळण छातीतून आलं पाहिजे. नाभी जवळपास जागेवर आणि छातीचं हाड फिरतंय, असं जाणवलं तर बरोबर चाललंय.

दोनच हालचाली निवडायला सांगितल्या तर मी या निवडेन.

पहिली खुब्यासाठी. जमिनीवर बसा. उजवा पाय समोर, गुडघ्यात काटकोन, मांडीचा बाहेरचा भाग जमिनीला. डावा पाय बाजूला, तोही काटकोनात, पण मांडीचा आतला भाग जमिनीकडे आणि पाऊल मागे. हात मागे टेकवा. आता डावा गुडघा जागेवर दाबून ठेवत डावं पाऊल जमिनीपासून दोन बोटं वर उचलायचा प्रयत्न करा. पहिल्या दिवशी बहुतेकांचं पाऊल हलतसुद्धा नाही, मांडीत गोळा येतो की काय असं वाटतं. तसंच होतं. पाच सेकंद प्रयत्न, सोडा, पाच-सहा वेळा, मग बाजू बदला. गुडघ्यात दुखलं तर लगेच थांबा आणि हाच व्यायाम पलंगाच्या कडेला बसून करा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी जमिनीवरचा हट्ट धरू नये.

दुसरी वरच्या पाठीसाठी. कुशीवर झोपा, दोन्ही गुडघे पोटाकडे घेऊन एकावर एक, मध्ये उशी. हात समोर जोडलेले. वरचा हात उचलून मागच्या बाजूला उघडत न्या, नजर हाताबरोबर. गुडघे उशीवरून सुटता कामा नयेत, कारण ते सुटले की वळण पुन्हा कमरेतच शिरतं. पूर्ण उघडल्यावर सावकाश श्वास सोडा. प्रत्येक बाजूला आठ वेळा.

आठवड्यातून चार-पाच दिवस केलं तर सहा ते आठ आठवड्यांत फरक मोजता येतो. यासोबत ताकदही हवी. कुल्ल्याचे मोठे स्नायू धडाला पुढे ढकलतात आणि फटका झाल्यावर ब्रेकही तेच लावतात. पाठीवर झोपून कुल्ले उचलणं आणि कुशीवर कोपराच्या आधाराने अंग तोलून धरणं, एवढ्यापासून सुरुवात पुरे. वजनं उचलली की स्विंग आखडतो, ही भीती जुनी आहे. सांध्याच्या पूर्ण कक्षेत केलेला ताकदीचा व्यायाम कक्षा कमी करत नाही.

## नागपूरची पहाट आणि पहिला फटका

आपल्या हवामानामुळे इथे एक खास अडचण आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, २३ मे २०१३ ला तो ४७.९ अंशांवर गेला होता. त्यामुळे उन्हाळ्यात खेळायचं ते उजाडताच. हिवाळ्यात कचेरी गाठायची असते, म्हणून तेव्हाही सकाळीच, आणि डिसेंबरची सकाळ दहा अंशांखाली उतरते.

रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणून सकाळी आपली उंची किंचित जास्त भरते. त्याच वेळी त्या ताठर असतात आणि वाकताना, पिळताना त्यांच्यावर ताण जास्त पडतो. उठल्यावर पहिल्या तासात हा धोका सगळ्यात मोठा. आता क्रम बघा. पाचला उठणं, चहा, धरमपेठेतून गाडीत वीस मिनिटं पोक काढून बसणं, गाडीतून उतरून डिकीतली बॅग वाकून काढणं, आणि थेट पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, ड्रायव्हर हा सगळ्यात लांब मारायचा क्लब. कंबर धरण्यासाठी याहून सोयीची मांडणी सापडायची नाही.

म्हणून उठणं आणि पहिला फटका यांत तासभर जाऊ द्या. पोचल्यावर आठ-दहा मिनिटं अंग गरम करा. भरभर चाला, एका पायावर उभं राहून दुसरा पाय आत-बाहेर झुलवा, खांद्यावर क्लब आडवा धरून छातीतून वळा, दहा-बारा उठाबशा काढा. मग छोट्या क्लबने अर्ध्या ताकदीचे आणि शेवटी पूर्ण स्विंग. ताण धरून तीस-चाळीस सेकंद थांबायचे व्यायाम मात्र या वेळी नकोत. त्यांनी लगेचची ताकद थोडी घटते, ते खेळ झाल्यावर किंवा संध्याकाळी घरी करावेत. हवेत दोन स्विंग मारले म्हणजे वॉर्म-अप झाला, असं समजणारे खूप आहेत. नीट वॉर्म-अप केल्यावर क्लबचा वेगही वाढतो हे अभ्यासांत दिसलं आहे, तेव्हा निदान त्या लोभाने तरी करावा.

उन्हाळ्यात आणखी एक. अंगातलं पाणी कमी झालं की थकवा लवकर येतो, पाय जागेवर राहतात आणि सगळा स्विंग हात-कमरेने होतो. तहान लागायच्या आधी पाणी, जोडीला मीठ घातलेलं ताक, आणि नऊच्या आत घर.

## कोपर, मनगट आणि काळी माती

कमरेनंतर नंबर लागतो कोपर आणि मनगटाचा. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. गंमत म्हणजे गोल्फ खेळणाऱ्यांतही बाहेरच्या बाजूचं, टेनिस एल्बो नावाचं दुखणं बरंच दिसतं, बहुतेक डाव्या हाताला.

कारण पुष्कळदा जमिनीत असतं. क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला की सगळा हादरा मनगटातून कोपरात जातो. आपली काळी माती पावसाळ्यानंतर मऊ असते, पण एप्रिल-मे मध्ये पाणी कमी पडलेल्या भागात ती फार टणक होते. सरावाच्या जागी सिमेंटवर पातळ मॅट असेल तर तेच. मॅटवर क्लब घसरतो, त्यामुळे चूक झाल्याचं कळतही नाही, हादरा मात्र प्रत्येक वेळी बसतो. जाड मॅट निवडा, उन्हाळ्यात चेंडू छोट्या टीवर (चेंडू टेकवायच्या खुंटीवर) ठेवून सराव करा, आणि क्लब मुठीत आवळून धरू नका.

सरावाच्या प्रमाणाबद्दल मी जरा कडक बोलेन. अठरा होलमध्ये ड्रायव्हर फार तर चौदा वेळा लागतो, तोही चार तासांत. आणि रविवारी आपण बादलीभर, शंभर चेंडू पाऊण तासात ड्रायव्हरने मारतो, तेही चार महिने क्लबला हात न लावता. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडाला जोडणारे कंडरे महिने घेतात. हंगामाच्या सुरुवातीला तीस-चाळीस चेंडू, त्यातले बहुतेक छोट्या क्लबचे, आणि दर आठवड्याला थोडी वाढ. यात कमीपणा नाही.

## "एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली, आता खेळ बंद?"

रिपोर्ट हातात आला की माणूस घाबरतो, आणि ते साहजिक आहे. पण पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन पाहणारा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. कुणाचीही कंबर दुखत नव्हती. केस पांढरे होतात तशी गादीही बदलते. रिपोर्टमधला शब्द आणि तुमचं दुखणं यांचा संबंध आहे की नाही, हे तपासणारा डॉक्टर ठरवतो, कागद नाही.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये. पायातली ताकद कमी होणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप किंवा विनाकारण वजन घटण्याबरोबर कंबर दुखणं, विश्रांती घेऊनही रात्री झोपेतून उठवणारी कळ. आणि खेळताना छाती भरून आली, डावा हात किंवा जबडा दुखला, तर तो स्नायू समजून मलम लावू नका, थेट रुग्णालय गाठा.

## साठीनंतर शरीर बदलत नसेल तर स्विंग बदला

सगळ्यांच्या खुब्यात जागा निर्माण होईलच असं नाही. काहींच्या हाडाची घडणच तशी असते, काहींना संधिवात असतो. मग नव्वद अंशांचा हट्ट सोडावा. डावं पाऊल पंचवीस-तीस अंश बाहेर वळवून उभं राहा, खुब्याला तेवढी जागा फुकट मिळते. क्लब मागे नेताना डावी टाच उचलली जाऊ द्या, ओटीपोट जास्त फिरतं आणि कमरेचा पीळ कमी होतो. जॅक निकलॉस हा अमेरिकी गोल्फपटू टाच उचलूनच खेळायचा, आणि १९८६ ची मास्टर्स त्याने ४६ व्या वर्षी जिंकली. फटका संपताना मागे कमान न करता ताठ उभं राहणं, हा तिसरा बदल. हे तिन्ही प्रशिक्षकाला दाखवून करा, कारण उभं राहण्यात फरक केला की चेंडूची जागाही बदलावी लागते.

या सगळ्यात एका माणसाचा विषय निघतच नाही, तो म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा कॅडी. नियमाने बॅगेत चौदा क्लब ठेवता येतात. त्यात चेंडू, छत्री, पाण्याच्या बाटल्या मिळून दहा-पंधरा किलो वजन होतं, आणि ते एकाच खांद्यावर घेऊन तो आठ-दहा किलोमीटर चालतो, कधी दिवसातून दोनदा. त्याची कंबरही तिथेच दुखते, त्याला सुट्टी घेणं मात्र परवडत नाही. दोन पट्ट्यांची बॅग घ्या, न लागणारे क्लब घरी ठेवा, ढकलगाडी असेल तर ती वापरा, आणि वॉर्म-अपला त्यालाही सोबत घ्या.

कंबर एकदा धरून गेली असेल तर पूर्ण विश्रांती दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नको, चालणं चालू ठेवा. रोजचं वाकणं-वळणं सुखाने व्हायला लागलं की आधी फक्त पटिंग, तेही वाकून तासभर नव्हे, दहा मिनिटं. मग छोटे चिप (जवळचे हलके फटके), मग छोट्या क्लबने अर्धे स्विंग, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसेल तरच पुढची पायरी. आधी नऊ होल, नंतर अठरा, आणि ड्रायव्हर या सगळ्यानंतर. साध्या उसणीला यात तीन ते सहा आठवडे जातात. तेवढ्या काळात वरचे खुब्याचे आणि पाठीचे दोन व्यायाम दुखणार नाही इतपत चालू ठेवले, तर परत जाल तेव्हा कमरेवरचा भार आधीपेक्षा कमी असेल.